दोन खिशांचं घर

'या शनिवारी काय करतोयस?'

शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटने हा प्रश्न विचारला, की ऑनसाइट आलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. रिलीज फसलं, वीकएन्ड गेला! एडिसनच्या ओक ट्री रोडवर मित्रांबरोबर डोसा आणि मग एखादा हिंदी पिक्चर, असा माझा भरगच्च प्लॅन होता. पण आमच्या साहेबाच्या डोक्यात भलतंच होतं. (साहेब म्हणजे क्लायंटकडचा मॅनेजर. पन्नाशीचा, टाय न लावणारा. तोंडावर आम्ही नावानेच हाक मारतो, पण मनातल्या मनात तो साहेबच.) 'इथाकाला चल,' तो म्हणाला. 'माझ्या कॉलेजचं होमकमिंग आहे. पानांचे रंग बघ, आमचं घर बघ.'

घर म्हणजे त्याच्या आई-वडिलांचं असेल, असं समजून मी रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून अर्धा किलो काजूकतली घेतली. पहाटे पाचला त्याची सुबारू दारात हजर. डेलावेअर नदीची खिंड, मग स्क्रँटन, मग बिंगहॅम्टन... चार तासांचा रस्ता. ऑक्टोबरचा मध्य होता. डोंगर असे पेटले होते, की 'फॉल कलर्स' हा कॅलेंडरवाल्यांचा चावटपणा नाही, हे मी तिथेच मान्य केलं.

घराचा उलगडा वाटेत झाला. साहेब कॉर्नेल विद्यापीठात शिकला आणि तिथल्या एका फ्रॅटर्निटीच्या घरात तीन वर्षं राहिला. त्याला इथाकाला खेचत होतं ते हे 'घर'.

फ्रॅटर्निटी म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? 'अमेरिकन पाय'छाप पिक्चर, लाल प्लास्टिकचे ग्लास, धुडगूस. तो असतोच, त्याबद्दल पुढे बोलू. पण मुळात ही ग्रीक अक्षरांच्या नावांची विद्यार्थ्यांची मंडळं. निवडून घेतलेले सभासद आणि राहायला एक घर. कॉर्नेलमध्ये ही घरं फोफावली त्याला कारणही होतं. विद्यापीठ १८६५ मध्ये स्थापन झालं, पण पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांना वसतिगृहं फारशी पसंत नव्हती. मुलांच्या राहण्याची सोय विद्यापीठाने पुढची कित्येक वर्षं जवळजवळ वाऱ्यावरच सोडली होती. ती जागा या मंडळांनी भरून काढली. व्हाइट स्वतः येल विद्यापीठात असताना अशा मंडळांत होते, त्यामुळे त्यांचा विरोध असण्याचा प्रश्नच नव्हता.

'तुमच्या मुंबईचे टाटासुद्धा यातलेच,' साहेब म्हणाला. मला वाटलं फेकतोय. पण खरं आहे. रतन टाटा १९५५ मध्ये कॉर्नेलला गेले, आर्किटेक्चर शिकले आणि तिथल्या 'अल्फा सिग्मा फाय' या फ्रॅटर्निटीचे सभासद होते. पुढे २००८ मध्ये टाटा ट्रस्टांनी कॉर्नेलला ५ कोटी डॉलर दिले. त्यातून भारतीय विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, शेती आणि पोषणावरचं संशोधन उभं राहिलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये टाटा गेले, तेव्हा ही फ्रॅटर्निटी आपल्या मोठमोठ्या लेखांतही चुकूनच कुठे आली असेल!

आता थोडा अकाउंट्सचा तास. कंटाळू नका, सगळी गंमत यातच आहे. फ्रॅटर्निटीचं घर बऱ्याचदा मुलांचंही नसतं आणि विद्यापीठाचंही नसतं. ते माजी सभासदांनी काढलेल्या एका कंपनीच्या नावावर असतं. मुलं त्या कंपनीला भाडं देतात. छप्पर, बॉयलर, विमा, सगळी डोकेदुखी या माजी मंडळींची, आणि तीसुद्धा फुकट. साहेब या कंपनीचा खजिनदार. पण अमेरिकेच्या आयकर खात्याच्या लेखी हे घर म्हणजे क्लब. त्याला दिलेल्या देणगीवर करसवलत नाही. म्हणून शेजारी दुसरी संस्था असते, शैक्षणिक फाउंडेशन. शिष्यवृत्ती, नेतृत्वाची शिबिरं, ट्युशन यांसाठी. तिला दिलेल्या पैशावर सवलत मिळते. म्हणजे एकाच पॅन्टला दोन खिसे! आणि फाउंडेशनच्या खिशातला पैसा घराला वापरायचा असेल, तर घराचा जेवढा भाग निव्वळ अभ्यासासाठी आहे तेवढ्यापुरताच.

'मग काय करता?' मी विचारलं.

'टेप घेऊन मोजतो,' साहेब गंभीरपणे म्हणाला.

मी हसलो. पण घरात पोचल्यावर खरोखरच भिंतीवर नकाशा होता. अभ्यासिका, लायब्ररी, कॉम्प्युटरची खोली हिरव्या रंगात, बाकी सगळं लाल. जेवणघरात रात्री मुलं अभ्यास करतात, तेव्हा अर्धं जेवणघर हिरवं करा, असा युक्तिवाद एका सभासदाने करून पाहिला होता म्हणे. वकिलाने तो उडवून लावला.

इथाका गावाबद्दल एवढंच सांगतो, की ते डोंगरावर चढवून ठेवलं आहे आणि मधोमध दऱ्यांनी चिरलं आहे. 'गॉर्जेस' आणि 'गॉर्जस'वर कोटी करणारे टी-शर्ट जिथेतिथे विकायला असतात. एक घेतलाच. खाली केयुगा सरोवर, साठएक किलोमीटर लांबीचं, एखादी रुंद नदी थबकून उभी राहावी तसं. सरोवराच्या काठी शनिवार-रविवारी शेतकरी बाजार भरतो. तिथला गरम ॲपल सायडर पिऊन या, मग बाकीचं बघा. आणि कॅम्पसवरच्या मॅकग्रॉ टॉवरच्या घंटा ऐका. १६१ पायऱ्या, २१ घंटा, आणि त्या वाजवणारी मुलंच. या मॅकग्रॉ नावाकडे पुन्हा येऊ.

घर तीन मजली. दगडी जोतं, वर लाकूड. आत शिरताच फ्लोअर पॉलिश आणि शिळी बिअर यांचा मिश्र वास. जिन्याच्या भिंतीवर दरवर्षीच्या सभासदांच्या छोट्या फोटोंच्या मोठ्या फ्रेम्स. साहेबाने आपली फ्रेम दाखवली. भरगच्च केस! शेजारच्या चेहऱ्यांवर बोट ठेवत तो बोलत राहिला. हा डॉक्टर, हा दिवाळखोर, हा गेला. प्रोजेक्ट मीटिंगमध्ये या माणसाचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

दहा वाजता जेवणघरात फोल्डिंगच्या खुर्च्यांवर मीटिंग सुरू झाली. वीस-बावीस माजी सभासद, ब्लेझर घातलेला घराचा विशीतला अध्यक्ष, आणि कोपऱ्यात काजूकतली घेऊन मी. पहिला विषय बॉयलर. जुना बॉयलर येत्या हिवाळ्यात टिकणार नाही, असं सगळ्यांचं मत. आकडा सांगितला गेला, सभेने शिट्टी वाजवली, आणि तासाभरात निम्म्याहून जास्त रकमेची आश्वासनं कागदावर आली. सवलत नसलेल्या खिशात! मी थक्क. एकाने तर तळघरातल्या बारचा जुना लाकडी काउंटर नीट करायला वेगळे पैसे देऊ केले, आपल्या नावाची पितळी पट्टी लावण्याच्या अटीवर. साहेब म्हणाला, 'पट्टी बॉयलरवर लावतो.' हशा पिकला. देणगीदार हसला नाही.

मग मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी. ते शिकायला आले तेव्हा खिशात पैसे नव्हते. याच जेवणघरात ताटं वाढून आणि भांडी धुऊन त्यांचं जेवण सुटायचं. त्यांनी अध्यक्षाला विचारलं, 'भाडं परवडत नाही म्हणून यंदा किती जण घर सोडून गेले?'

अध्यक्ष कागद चाळू लागला. मग म्हणाला, 'दोन.'

सभा शांत. या दोघांसाठी फाउंडेशनमधून मदत द्यायची, तर नियम काय, निवड कोण करणार, शिष्यवृत्ती गुणांवर की गरजेवर, वकिलाला विचारायचं का... एकामागून एक मुद्दे निघाले. सगळे बरोबर होते, तोच त्रास होता. शेवटी विषय वसंत ऋतूतल्या मीटिंगवर ढकलला. बॉयलर तासाभरात, आणि दोन पोरं सहा महिन्यांनी. हा खिसा तर करसवलतीचा होता!

मला राग आला. पण खरं सांगू? हे लोक निदान पहाटे उठून, गाडी हाणत येऊन फोल्डिंगच्या खुर्चीवर बसले होते. मी पुण्यातल्या एका हॉस्टेलमध्ये चार वर्षं राहून इंजिनीअर झालो. संगमनेरजवळच्या गावाहून आलो होतो. तिसऱ्या वर्षी कांद्याचा भाव कोसळला आणि वडिलांनी फोनवर सांगितलं, 'या खेपेला हॉस्टेलचं जमणार नाही.' मी रेक्टरांना भेटलो. ते म्हणाले, 'जा, अभ्यास कर. तुझी फी भरली आहे कुणीतरी.' कोणी, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतरही विचारलं नाही. हॉस्टेलच्या माजी विद्यार्थ्यांचे मेल येतात, ते मी न उघडता 'नंतर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. फोल्डर आता बऱ्यापैकी मोठा झालाय.

दुपारी सगळे मॅचला गेले. अमेरिकन फुटबॉल मला अजिबात कळत नाही, म्हणून मी आजोबांबरोबर हळूहळू चालत कॅम्पस पाहायला निघालो. उतारावरच्या एका घराकडे त्यांनी काठी केली.

तिथे पूर्वी एक महाल होता. जेनी मॅकग्रॉ या लाकूड व्यापाऱ्याच्या श्रीमंत मुलीसाठी बांधलेला. १८६८ मध्ये विद्यापीठाला पहिल्या नऊ घंटा तिनेच दिल्या होत्या. क्षयाने ती १८८१ मध्ये गेली, महालात राहायला मिळालंच नाही. तिच्या मृत्युपत्रावरून विद्यापीठ आणि तिचा नवरा यांच्यात खटला झाला, तो थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत, आणि विद्यापीठ हरलं. महाल पुढे 'काय साय' नावाच्या फ्रॅटर्निटीकडे आला. ७ डिसेंबर १९०६ च्या पहाटे त्याला आग लागली. चार विद्यार्थी गेले आणि विझवायला आलेले गावातले तीन स्वयंसेवक अग्निशामकही. आज तिथे त्याच मंडळाचं नवं घर उभं आहे.

'नव्वद वर्षांनी पुन्हा तेच,' आजोबा म्हणाले. १९९६ च्या मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलमध्ये पदवीदानाच्या दिवशी पहाटे एका फ्रॅटर्निटीच्या घराला आग लागली, पाच विद्यार्थी मेले. छताला पाण्याचे स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर त्या गावाने अशा घरांना स्प्रिंकलर सक्तीचे केले. आणि गंमत बघा, स्प्रिंकलर हा अभ्यास नव्हे, म्हणून त्याचा खर्च लाल खिशात! अशा सुधारणांसाठी दिलेल्या देणगीलाही करसवलत मिळावी, म्हणून अमेरिकी संसदेत वर्षानुवर्षं विधेयकं मांडली जातायत. आजोबांच्या घरात आता स्प्रिंकलर आहेत. त्यासाठी त्यांनी वर्गणी मागत किती फोन केले, ते सांगताना ते दमले.

पुढे बार्न्स हॉलसमोर एक दगडी भिंत आणि बाक आहे. आम्ही तिथे टेकलो. आगीच्या तीनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९०६ ला, याच गावात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' नावाची स्वतःची फ्रॅटर्निटी स्थापन केली. गोऱ्यांच्या घरांत त्यांना सभासद म्हणून प्रवेश नव्हता. त्यांच्यातले काही जण त्या घरांत वाढप्याचं काम करायचे. आदल्या वर्षी आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सहा जण परतलेच नव्हते, म्हणून या मुलांनी आधी अभ्यासमंडळ काढलं होतं. त्यांच्याजवळ महाल नव्हता. गावातल्या ओळखीच्या घरांत ते जमायचे.

घर नसलेल्या या मंडळाने पुढे काय केलं? १९२० च्या दशकापासून मुलांना हायस्कूल आणि कॉलेजपर्यंत नेण्याची देशभर मोहीम चालवली, ती आजही चालू आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सभासद. वॉशिंग्टनमधलं किंग यांचं स्मारक २०११ मध्ये खुलं झालं, सुमारे १२ कोटी डॉलरचं काम. त्यामागची कल्पना आणि निधीसाठीची धडपड याच मंडळाची. तिथे पदवी घेऊन बाहेर पडलं तरी सभासदत्व संपत नाही. नोकरदार मंडळींच्या स्वतंत्र शाखा असतात आणि कार्यक्रम मुख्यतः त्याच चालवतात.

मला आपल्याकडचं कोल्हापूर आठवलं. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली, कारण शाळा होती तरी गावातल्या पोराला शहरात राहायला जागा नव्हती. आजोबांना मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, 'त्या घरांची छपरं आता कोण बघतं?'

धुडगुसाबद्दल पुढे बोलू म्हटलं होतं. कॉर्नेलमध्येच २०११ मध्ये एका फ्रॅटर्निटीत एकोणीस वर्षांचा मुलगा दारू पाजून घेण्याच्या 'खेळात' मेला. २०१९ मध्ये पहिल्या वर्षाचा आणखी एक मुलगा एका फ्रॅटर्निटीच्या पार्टीनंतर दरीत मृतावस्थेत सापडला. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे (पाळला किती जातो, हा वेगळा लेख). अमेरिकेत कॉलेजांना अशा प्रकारांची नोंद जाहीर करायला लावणारा देशपातळीवरचा कायदा २०२४ च्या डिसेंबरमध्ये झाला. मी आजोबांना विचारलं, 'तुमच्या वेळी असं होतं?' ते बराच वेळ घंटाघराकडे बघत बसले. 'होतं,' म्हणाले. 'मीही केलंय. आता मी चेक लिहितो आणि दरवेळी विचारतो, तळघराची किल्ली कुणाकडे आहे.'

रात्री जेवणं झाली. काजूकतलीचा बॉक्स मुलांनी दोन मिनिटांत संपवला आणि 'हे चीज आहे का' असं विचारलं. माझी झोपायची सोय लायब्ररीतल्या सोफ्यावर होती. म्हणजे हिरव्या भागात, आयकराच्या दृष्टीने अत्यंत शैक्षणिक जागी! दाराशेजारी देणगीदारांच्या नावांची पाटी. खाली कुठेतरी म्युझिकचा ठोका. झोप येईना. साडेदहा वाजले होते. पुण्यात रविवारची सकाळ, आठ.

'नंतर' फोल्डरमधला सर्वांत वरचा मेल उघडला. खाली हॉस्टेलचा नंबर होता. लावला. नवे रेक्टर होते. आवाजावरून माझ्याच वयाचे.

'सर, मी तुमच्या हॉस्टेलचा माजी विद्यार्थी. अमेरिकेतून बोलतोय.'

'बोला. कोणती खोली?'

बॅच नाही विचारली, खोली विचारली. मी नंबर सांगितला. पलीकडे ते हसले.

'ती तर गळते हो. यंदा पावसाळाभर बादली ठेवली होती पोरांनी.'

आमच्या वेळीही ठेवायचो. बादली निळी होती, हेही मी सांगणार होतो, पण गप्प बसलो. मग विचारलं, 'सर, या टर्मला फी न भरू शकलेली मुलं किती आहेत?'

त्यांनी कागद चाळले नाहीत. 'अकरा,' म्हणाले.

'कुणीतरी भरतं ना अशा वेळी?'

'कुणी मिळालं तर भरतं. तुम्हाला द्यायचेत का? म्हणजे इमारत निधीला द्यायचेत की विद्यार्थी निधीला, ते आधी सांगा. आमची पावतीपुस्तकं दोन आहेत.'

मी सोफ्यावर उठून बसलो आणि दिवा लावला.